डिझेलच्या टाकीचं कुलूप

आमचा लोडर सुरू होत नाही अशी तक्रार कधीच नव्हती. तो सकाळी पहिल्या चावीला सुरू व्हायचा. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं नीट चालायचा, मग आवाज बसायचा, जोर जायचा आणि दोन-चार धक्के खाऊन तो बंद पडायचा. एकदाचं मोडलेलं यंत्र परवडतं. ते ट्रॉलीवर घालून गॅरेजला नेता येतं, काहीतरी तुटलेलं हाताला लागतं. पण मेकॅनिक आला की चालणारं आणि मेकॅनिक गेला की बंद पडणारं यंत्र घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं?

पावसाळा संपता संपता जवळजवळ तीन आठवडे हे चाललं. तेवढ्यात मी दोन मेकॅनिक बदलले, दोन फिल्टर बदलले, एक पंप बदलला आणि शेवटी ड्रायव्हर बदलायचं ठरवलं. सहा वर्षं माझ्याकडे असलेला माणूस मी कामावरून काढणार होते.

लोडर म्हणजे रस्त्यावर खोदकाम करतो तो मोठा नव्हे. हा त्याच्या निम्म्याहून लहान, चार चाकांचा, जागच्या जागी गोल फिरणारा. ड्रायव्हर पुढून बकेटवर पाय देऊन चढतो आणि लोखंडी पिंजऱ्यात बसतो. बकेटचे दांडे त्याच्या दोन्ही अंगांनी वर-खाली होतात, इंजिन पाठीमागे. फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, साचे फोडल्यावर काळी वाळू उरते. ती शेडमधून गोळा करून बाहेर ढिगावर टाकायची आणि ढिगावरून ट्रॉलीत भरायची, हे त्याचं काम. कोल्हापुरात फौंड्र्या पुष्कळ, वाळू त्याहून पुष्कळ. मी स्वतः चौदा वर्षं एका फौंड्रीच्या स्टोअरला होते. ती वाळू हलवायला माणसं मिळत नाहीत हे रोज बघत होते, म्हणून नोकरी सोडली आणि हा जुना लोडर घेतला.

ड्रायव्हरला सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे. गगनबावड्याकडचे, तिकडे घाटरस्त्याच्या कामावर यंत्रं चालवून हात बसलेला. शेडमध्ये दोन खांबांच्या मधून लोडर काढताना मी डोळे मिटून घ्यायचे, मामा मात्र एका हातानं गुटख्याची पुडी फोडत असायचे. गुटख्यावरून मी त्यांना कितीदा बोलले असेन. कामावरून बोलायची वेळ सहा वर्षांत आली नव्हती.

त्या पावसाळ्यात डिझेल जास्त लागायला लागलं. टाकीत घालून बघायची एक लोखंडी पट्टी मी केली होती, तिच्यावर खुणा होत्या. कामाचे तास तेवढेच, पण संध्याकाळी पट्टी दोन बोटं कमी दाखवायची. एकदा झालं, दोनदा झालं, आठवडाभर तेच. स्टोअरला चौदा वर्षं काढलेल्या बाईला अशा वेळी दुसरं काही सुचत नाही. तिथं नट कमी भरला तरी आम्ही आधी त्या दिवशी आत कोण आलं होतं ते आठवायचो. इथं तर लोडरजवळ दिवसभर एकच माणूस होता. मी मामांना काही विचारलं नाही. सरळ टाकीला कुलूप करायचं ठरवलं.

टाकीचं मूळ झाकण साधं प्लास्टिकचं, हातानं फिरवून काढायचं. कुलपाचं झाकण कंपनीकडून मागवलं तर कधी येईल याचा नेम नव्हता. आणि कोल्हापुरात एखादी वस्तू मिळत नाही म्हणून कुणी थांबत नाही, बनवून घेतो. मी जुनं झाकण पिशवीत घातलं आणि शिवाजी पेठेतल्या एका लेथवाल्याकडे नमुना म्हणून टाकलं. त्यानं ते उलटसुलट केलं, डोळ्याजवळ नेलं.

"हे टाचणीएवढं भोक कशाला ठेवलंय हो मॅडम ह्यात?"

"असेल कशाला तरी. वाळूचं काम आहे, धूळ जाईल आत. तुम्ही ठेवू नका."

"न्हाय ठेवत."

दुसऱ्या दिवशी झाकण तयार. पितळेचं, जाड आट्यांचं, आतून रबरी वायसर, वरून कडी आणि कडीला कुलूप. लेथवाला खूश होता. "लोडर उलटा करा, एक थेंब बाहेर आला तर माझं नाव बदला," म्हणाला. काम खरोखर सुरेख होतं.

चूक तिथंच झाली. टाकीतलं डिझेल जसं कमी होतं तशी त्या जागी हवा आत यावी लागते, ते टाचणीएवढं भोक त्यासाठी होतं. हवा आली नाही तर टाकी आतून आवळत जाते आणि पंपानं कितीही जोर लावला तरी डिझेल पुढे सरकत नाही. झाकण उघडलं की हवा आत जाते आणि सगळं परत ठीक. आज हे मी दोन वाक्यांत लिहिलं. तेव्हा कळायला तीन आठवडे लागले, आणि कळायला अवघड होतं म्हणून लागले असंही नाही.

रोज सकाळी सातला मी मंगळवार पेठेतून स्कूटरवर निघायचे, पंचवीस मिनिटांत फौंड्रीवर. डिझेल ओतायचं, कुलूप लावायचं, चावी स्कूटरच्या चावीबरोबर अडकवायची आणि पुढच्या कामाला जायचं. झाकण बसवल्याच्या पहिल्याच दिवशी मी भाजी घेत होते तेव्हा फोन आला.

"ताई, बंद पडला."

"बंद पडला म्हणजे?"

"म्हंजे बंद पडला. पिकप सोडला आन बसला."

मी त्या भागातल्या ट्रॅक्टरच्या मेकॅनिकला घेऊन गेले. त्यानं फिल्टरखालचा नट ढिला केला, कापलेल्या बाटलीत थोडं डिझेल काढलं, उजेडात धरलं. तळाला पाण्याचे मणी दिसले. "पावसाळी डिझेल. पाणी हाय," तो म्हणाला. नवा फिल्टर बसवला. मग "टाकीत माल किती हाय बघू," म्हणाला. मी कुलूप काढलं, झाकण फिरवलं, त्यानं डोकावून बघितलं, मी परत लावलं. त्यानं पाइपातली हवा काढली, मामांनी चावी मारली, लोडर सुरू. मला बरं वाटलं. पाणी होतं, काढलं, संपलं.

मी घरी पोचून चप्पल काढत होते तेव्हा पुन्हा फोन.

त्या आठवड्यात हे चार वेळा झालं. दर वेळी मी जायचे, मेकॅनिक यायचा, आल्यावर आधी डिझेल बघायचा, मी झाकण उघडायचे, मग तो काहीतरी खोलायचा, काहीतरी आवळायचा आणि यंत्र सुरू व्हायचं. आपण आवळलेल्या नटामुळेच ते सुरू झालं अशी त्याची खात्री व्हायची आणि माझीही. एकदा त्यानं पाइपाची क्लिप बदलली, एकदा नुसतं पाइपाचं तोंड कापून परत खोचलं. प्रत्येक वेळी "आता काय होत न्हाय," म्हणून गेला. त्याला तरी काय बोलायचं? आपण दुरुस्त केलेलं यंत्र तासभर बघत बसायला कुठला मेकॅनिक थांबतो?

दुसऱ्या की तिसऱ्या वेळी, मेकॅनिक हात पुसत असताना मामा माझ्याजवळ आले.

"ताई, एक सांगू काय? तुम्ही झाकण काढलासा न्हवं, तवा आत वारं वडल्यागत आवाज आला बगा. फुस्स करून."

"टाकी आहे मामा. काहीतरी आवाज येणारच."

"पयल्या झाकणाला येत नव्हता."

"पहिल्या झाकणाला बऱ्याच गोष्टी होत होत्या."

मामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. कुलूप कशासाठी लावलंय हे मी त्यांना आतापर्यंत सांगितलं नव्हतं, तेही विचारत नव्हते. ते वळून लोडरकडे गेले आणि पिंजऱ्याची काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती.

चार दिवसांनी त्यांनी पुन्हा विषय काढला. "कुलूप एक दिस काढून बगूया का ताई? जुनं झाकण हाय न्हवं घरात? एकच दिस." मी घरी येऊन हे वाक्य दहा वेळा मनात फिरवलं. ज्याला डिझेल काढायचं आहे तो आणखी काय म्हणेल? त्यात आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मी जाऊ शकले नाही आणि लोडर दोन-तीन तास तसाच उभा राहिला, तर मामा जेवून आल्यावर तो आपोआप सुरू व्हायचा. बंद पडायचं आणि जेवण झालं की चालायचं, हा कुठल्या इंजिनाचा रोग? मला तो माणसाचा वाटला. तेवढ्या वेळात कुठल्यातरी फटीतून हवा हळूहळू टाकीत शिरत होती, हे मला कोण सांगणार? सांगणारा सांगत होता, त्याचंच मी ऐकत नव्हते.

फौंड्रीचा सुपरवायझर रोज मला गाठायचा. शेडमध्ये वाळू साठली की साचे फोडणाऱ्यांना उभं राहायला जागा उरत नाही, त्यांच्या शिव्या तो खायचा आणि उरलेल्या माझ्यासाठी आणायचा. पण त्याची पद्धत गोड होती.

"मॅडम, मशिनची पूजा झाली न्हाई वाटतं औंदा."

"मशीन डिझेलवर चालतं."

"तसं न्हवं ओ. एक लिंबू-मिरची तर बांधून बघा पुढं. काय जातंय?"

आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात हे प्रकार नाहीत. मी म्हटलं, "आमच्या घरात लिंबू सरबताला लागतं."

"मग सरबत तरी पाजा त्याला. कशानं का होईना, चालू द्या की."

आजूबाजूचे हसले. मीही हसायला हवं होतं. पण तीन दिवस माझी दुसरी कामं पडून होती, स्कूटरवर ये-जा करून पाठ धरली होती आणि कपड्यांना त्या काळ्या वाळूचा वास कायमचा लागला होता. मला हसू आलं नाही.

दुसरा मेकॅनिक शहरातून आणला, लोडरची कामं करणारा. त्यानं पहिल्याला नावं ठेवली आणि टाकीच रिकामी केली. तळाला थोडा गाळ निघाला. त्यानं तो माझ्यासमोर बोटावर घेऊन असा दाखवला, जणू चोरच पकडून आणलाय. टाकी धुतली, आतली जाळी धुतली, पुन्हा नवा फिल्टर. तेही चाळीस मिनिटं टिकलं. मग तो म्हणाला, टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा छोटा पंप कमजोर झालाय. पंप बदलला. नव्या पंपाचा जोर जास्त, तर शनिवारी लोडर चाळीसऐवजी तासभर चालला, तेवढ्यात सुट्टी झाली. एवढ्यावर मी तीन रात्री शांत झोपले, कारण मधे रविवार आला होता आणि त्या सोमवारी सणामुळे फौंड्री बंद होती.

मंगळवारी काम उशिरा सुरू झालं आणि साडेअकराला सुपरवायझरचा फोन आला. मामांचा नव्हे.

लोडर भरलेली बकेट वर उचलून ट्रॉलीवर रिकामी करत होता आणि त्या क्षणी इंजिन बंद पडलं. दांडे वरच राहिले. अशा वेळी ड्रायव्हरनं बाहेर यायचं नसतं. येण्याची वाट पुढूनच असते, म्हणजे त्या उचललेल्या बकेटच्या खालून. इंजिन नसताना दांडे हळूहळू खाली घ्यायला आत एक खटका असतो, तो वाळूच्या धुळीनं अडकलेला होता. मामा पिंजऱ्यात बसून होते. बाजूला नुकत्याच फोडलेल्या साच्यांची वाळू, तिच्यातून वाफा येत होत्या.

मी पंचवीस मिनिटांचा रस्ता अठरा मिनिटांत कापला. पोचले तेव्हा आठ-दहा माणसं लांबून बघत उभी होती. मामांचा शर्ट अंगाला चिकटला होता. मी मागून गेले, आधी डिझेल बघायचं म्हणून सवयीनं कुलूप काढलं, झाकण फिरवलं. फुस्स झालं. मी ते ऐकलं, दर वेळी ऐकत होते तसंच. मामांना "मारा चावी" म्हटलं. इंजिन सुरू झालं, बकेट खाली आली, मामा बाहेर आले. कुणीतरी पाण्याची बाटली दिली, त्यांनी अर्धी डोक्यावर ओतली.

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. मला भीती वाटली होती आणि भीती वाटली की मी ओरडते. माझ्या मुलांना ते माहीत आहे, मामांना माहीत असायचं कारण नव्हतं.

"मामा, हे बंद करायचं काय घ्याल?"

"म्हंजे?"

"म्हणजे मला कळत नाही असं समजू नका. कुलूप लागल्यापासून हे सुरू झालंय."

"तेच मी म्हंतोय की ताई! कुलूप लागल्यापासनंच!"

माणसं हसली. मला वाटलं मलाच हसली. मी आवाज चढवला. "शनिवारपर्यंत बघते. परत बंद पडला तर सोमवारपासून येऊ नका."

"शनवार कशाला? मानूस चोर हाय म्हंता आन शनवारपतोर ठिवता व्हय?"

"मी चोर म्हटलं नाही."

"तोंडानं न्हाय म्हटलासा."

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, परत पिंजऱ्यात चढले आणि उरलेली वाळू भरायला लागले. कुलूप लावायला मला त्यांना पाच मिनिटं थांबवावं लागलं. मी मागे झाकण आवळत होते तेव्हा ते समोर बघत बसले होते, वळले नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी मी दुसऱ्या ड्रायव्हरची चौकशी केली. एक मिळतही होता. तरीही शनिवारच्या आधी एकदा पंपवाल्या मिस्त्रींना विचारावं असं ठरवलं. सगळं करून बघितलं होतं आणि हे राहिलं होतं, एवढंच कारण. हे मिस्त्री डिझेलचे पंपच दुरुस्त करतात, वय सत्तरीच्या पुढे. दुकान सोडून ते कुठं जात नाहीत. फोनवर म्हणाले, "पंप काढून आणा."

"पंप नवा आहे."

"फिल्टर?"

"दोनदा बदलला."

"टाकी?"

"धुतली."

मग म्हणाले, "मग राहिलं काय? येतो मी शनवारी. पण एक सांगतो, मी म्हटल्याशिवाय कुणी कशाला हात लावायचा न्हाय. नट न्हाय, झाकण न्हाय, काय न्हाय."

मधले तीन दिवस लोडर रोज बंद पडतच राहिला. शनिवारी सकाळी ते आले. हातात पिशवी, पिशवीत एक पकड आणि चष्म्याचं घर. हत्यारांची पेटीच नाही हे बघून माझं डोकं पुन्हा फिरलं. त्यांनी लोडरभोवती एक फेरी मारली, इंजिनाच्या दारातून टाकीच्या बाजूला हात लावून बघितला, झाकणाजवळ थांबले.

"हे पितळेचं कुणी बसवलं?"

"मी. बनवून घेतलं."

"झ्याक केलंय," म्हणाले आणि पालथ्या पिंपावर जाऊन बसले. "ड्रायव्हर पावणं, करा सुरू. रोजचं काम करा. आमच्याकडं बघू नका."

मामा कामाला लागले. मिस्त्रींनी चहा मागवला. मी अर्धा तास उभी, ते बसलेले. मला पुण्याहून आलेल्या नातवाच्या शाळेबद्दल सांगत होते. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते, ते एकदाही नाही. साधारण तास होत आला आणि आवाज बसला. मामांनी बकेट लगेच जमिनीवर टेकवली. इंजिन धापा टाकायला लागलं. मिस्त्री उठले.

"चावी द्या इकडं. मशीन बंद करू नका पावणं, तसंच धरा."

त्यांनी माझ्या हातातून चावी घेतली, कुलूप काढलं आणि झाकण अर्धा फेरा फिरवलं. फुस्स. पाच-सहा सेकंद काही नाही. मग इंजिनाचा आवाज वर चढला, चढत गेला आणि पहिल्यासारखा भरला. कुणी नट आवळला नव्हता. कुणी पंप खोलला नव्हता. मिस्त्रींनी मला टाकीच्या बाजूवर हात ठेवायला लावला. आत दबलेलं टाकीचं प्लास्टिक माझ्या तळव्याखाली टक् करून बाहेर आलं.

"टाकीला दम घ्यायला जागा ठेवली न्हाय तुम्ही," ते म्हणाले. "एवढं झालं, आवाज काय एकदाच आला व्हय? तुमच्या ड्रायव्हरनं सांगितलं न्हाय काय?"

खोटं बोलता आलं असतं. "सांगितलं होतं," मी म्हटलं. "दोनदा."

मिस्त्रींनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग शेडमधल्या ड्रिलवर ते झाकण नेलं, बारीकातली बारीक पिन लावून भोक पाडलं, वर धूळ जाऊ नये म्हणून पत्र्याची टोपी ठोकून दिली. दहा मिनिटांचं काम. लोडर दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालला आणि सुट्टी झाली म्हणून बंद केला.

मी मामांकडे गेले. ते ट्रॉलीच्या सावलीत डबा उघडून बसले होते. ज्यांच्यासमोर मंगळवारी मी ओरडले होते त्यातले बरेचजण तिथंच जेवत होते. मी मामांना बाजूला बोलवलं.

"हितंच बोला की," मामा म्हणाले.

"मामा, चूक माझी होती."

"मला काय सांगताय? मला म्हाईतच हाय." त्यांनी भाकरी मोडली. "मंगळवारी ह्येंच्यासमोर बोललासा. आता बी ह्येंच्यासमोर बोला. न्हायतर तुमचं सोमवारचं नक्की करा, मी मोकळा हाय."

मला राग आला, हे कबूल करते. चूक मान्य केल्यावर ती कुठं, किती आवाजात मान्य करायची हेही दुसऱ्यानं ठरवायचं? पण ओरडताना मी आवाज बघितला नव्हता. मी त्या माणसांकडे वळले आणि सांगितलं: लोडर मी लावलेल्या झाकणामुळे बंद पडत होता. मामा मला पहिल्या आठवड्यापासून सांगत होते, मी ऐकलं नाही. त्यांनी डिझेलला हात लावला असं मला वाटत होतं, ते चूक होतं.

शेवटचं वाक्य बोलेपर्यंत ते खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. ते मी सोमवारी शोधलं. पावसात पाणी साठतं म्हणून सुपरवायझरनं वाळूचा ढीग शेडच्या बाजूचा उचलून मागच्या कुंपणाजवळ नेला होता. मी पावलं मोजली. लोडर प्रत्येक खेपेला दुपटीच्या वर पळत होता. दोन बोटं डिझेल तिथं जात होतं. हे पावलं मोजायचं काम कुलपाच्या आधी करता आलं असतं.

शनिवारी मात्र माझं बोलणं संपल्यावर साचे फोडणाऱ्यांतला एकजण म्हणाला, "मामा, बाईनं माफी मागितली, आता तुम्ही ओली पार्टी द्या." दुसरा म्हणाला, "ती पार्टी बाईंनी द्यायची असती रे." सुपरवायझर लांबून ओरडला, "सरबत द्या, लिंबू हाय त्यांच्याकडं!" ह्या वेळी मी हसले. मामा हसले नाहीत. ते जेवत राहिले.

त्यांचा डबा संपल्यावर मी जुनं प्लास्टिकचं झाकण पिशवीतून काढलं. सकाळीच बरोबर आणलं होतं. "हे बसवते. कुलूप नको आता."

"राहू दे कुलूप."

"अहो, पण कशाला?"

"कुलूप काडलासा आन उद्या परत दोन बोटं कमी दिसलं, तर कुणाकडं बघशीला? माझ्याचकडं. कुलूप हाय तर मी सुटलो. चावी तुमच्याकडं, हिशेब तुमच्याकडं. मला न्हाय पायजे."

"मग एक चावी तुमच्याकडे ठेवा. रोज पंचवीस मिनिटं यायला मला जमत नाही."

"न्हाय ठेवणार."

मी दोनदा सांगून बघितलं. ते हात धुऊन लोडरकडे गेले, बकेटवर पाय देऊन आत चढले. मी बाजूला झाले तेव्हा त्यांनी चावी मारली.

मामा सोमवारी आले आणि अजून आहेत. कुलूपही आहे. दुसरी चावी मी कितीदा पुढे केली, शेवटी एकदा त्यांच्या डब्याच्या पिशवीत टाकून आले, तर दुसऱ्या दिवशी ती माझ्या स्कूटरच्या सीटवर ठेवलेली होती. त्यामुळे पाऊस असो, पाहुणे असोत, ताप असो, सकाळी सातला डिझेलचा कॅन घेऊन मलाच निघावं लागतं. मी पोचते तेव्हा मामा लोडरपासून चार पावलं लांब उभे असतात. मी झाकण उघडते, डिझेल ओतते, पट्टी घालून बघते, कुलूप लावते. "झालं का ताई?" ते विचारतात. झालं म्हटलं की मग जवळ येतात.